आर्म लिफ्ट मनासारखी झाली नाही, आता पुढे काय करायचं?

वजन पंचवीस-तीस किलोंनी उतरलं तरी दंडाखालची कातडी लोंबतच राहते, म्हणून ती कापून दंड घट्ट करायची शस्त्रक्रिया, म्हणजे आर्म लिफ्ट, करून घेतली जाते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बरीच मंडळी त्यासाठी मुंबई, पुणे, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. टाके निघाले की गावी परततात आणि मग एकेक गोष्ट खुपायला लागते. व्रण जाड झाला, एक दंड बारीक तर दुसरा भरलेला, हात वर केला की काखेत दोरी ओढल्यासारखं होतं, कोपराजवळ उंचवटा राहिला. सर्जन फोनवर "थांबा" म्हणतात. किती थांबायचं, थांबून काय करायचं आणि कशासाठी एक दिवसही थांबायचं नाही, ते या लेखात आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा: नाराजीचं नेमकं कारण कळल्याशिवाय दुसरी शस्त्रक्रिया ठरवायची नाही. उरलेली कातडी, उरलेली चरबी, बिघडलेला व्रण, काखेतली ओढ, साठलेलं पाणी आणि दुखावलेली नस ही सहा वेगवेगळी दुखणी आहेत. प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि वेळही वेगळी. पहिल्या वेळी कापलेली कातडी परत येत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी चुकायला जागा फार कमी असते.

यासाठी थांबू नका

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, व्रणाभोवती पसरत जाणारी लाली, दुर्गंधीचा पू, एकच हात अचानक सुजणं, बोटं गार किंवा निळी पडणं, पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं. यातलं काहीही दिसलं तर मुंबईच्या गाडीचं तिकीट शोधत बसू नका. जवळच्या रुग्णालयात जा, गरज पडली तर १०८ ला फोन करा, आणि तिथून तुमच्या सर्जनशी बोलणं करून द्या. धाप आणि पोटरीचं दुखणं रक्ताच्या गुठळीमुळे असू शकतं. त्यात तासांचा हिशेब असतो.

पाणी साठणं इतकं तातडीचं नाही, पण तेही महिनोन्‌महिने ठेवायचं नसतं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात व्रणाखाली पाण्याच्या फुग्यासारखं हलणारं काही हाताला लागलं, तर डॉक्टर सुईने ते काढतात, वरून दाब देतात आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघतात. दोन-चारदा काढूनही भरत राहिलं, तर सोनोग्राफी करून घ्या. जुन्या पाण्याभोवती पिशवी तयार होते आणि मग ती पिशवीच काढावी लागते. घरी दाबून किंवा टोचून पाणी काढण्याचा प्रयत्न म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण.

दीड-दोन महिन्यांनी व्रणावर छोटी पुळी येऊन त्यातून दोऱ्याचं टोक डोकावतं, ते बघून लोक हादरतात. विरघळणारा टाका शरीराने बाहेर ढकललेला असतो, एवढंच. ओढायचा नाही. डॉक्टर तो चिमट्याने धरून कापतात आणि जागा आठवड्याभरात भरते.

घरी नीट तपासणी कशी करायची

मोबाइल कुणाच्या तरी हातात द्या, किंवा दीड मीटरवर टेकवून ठेवा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे, कोपरं काटकोनात, तळवे समोर. एक फोटो समोरून, एक मागून, एक हात पूर्ण वर करून काखेचा. महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच खिडकीच्या उजेडात. संध्याकाळी काढलेले फोटो फसवतात, कारण दिवसभरात हाताला सूज चढते.

मग टेप घ्या. कोपराच्या हाडाच्या टोकापासून १० सेंमी वर आणि १५ सेंमी वर दंडाचा घेर मोजा, १० सेंमी खाली पुढच्या हाताचा, आणि शेवटी मनगटाचा. दोन्ही हातांचा. नेहमी वापरातला हात अर्धा-एक सेंटीमीटर जाड असतोच, तेवढ्या फरकासाठी कुणीही सुरी उचलू नये. दोन सेंटीमीटर किंवा जास्त फरक तीन महिन्यांनंतरही टिकला आणि तो पुढच्या हातात, मनगटातही असेल, तर लसिकेच्या सुजेचा (लिम्फिडिमा, म्हणजे हातातला पाणीदार रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या अडल्याने येणारी सूज) संशय धरायचा. त्यावर लसिकेच्या सुजेचं काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून हलक्या हाताचा मसाज आणि मापाची दाबपट्टी हा इलाज आहे. गावात चोळून देणाऱ्याकडे हात देऊ नका, जोराच्या चोळण्याने ही सूज वाढते. पूर्वी हत्तीरोग झाला असेल किंवा हात-पाय सुजण्याचा त्रास असेल, तर तो सर्जनला न विचारताही सांगा.

आता चिमटीची परीक्षा. हात आडवा धरून खाली लोंबणारा भाग अंगठा आणि तर्जनीत पकडा. चिमूट पातळ, सेंटीमीटरभर आली तर उरली आहे ती कातडी. दोन-तीन सेंटीमीटर जाड आणि मऊ आली तर उरली आहे ती चरबी. ही परीक्षा काखेपासून कोपरापर्यंत चार ठिकाणी करा आणि कुठे काय आलं ते लिहून ठेवा. सैलपणा काखेतून पुढे छातीच्या बाजूला, ब्लाउजच्या कडेशी जाऊन घडी पाडतोय का, तेही बघा. खूप वजन उतरवलेल्यांमध्ये दोष पुष्कळदा दंडात नसतोच, तो बरगडीच्या बाजूला उरलेल्या कातडीत असतो. ती काढायची तर छेद काखेतून खाली न्यावा लागतो, दंडावर पुन्हा कापून काही साधत नाही.

व्रण

व्रण पिकायला, म्हणजे मऊ, सपाट आणि फिका व्हायला, बारा ते अठरा महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात तो सर्वात लाल आणि कडक दिसतो, आणि नेमकं तेव्हाच लोक निराश होऊन दुसऱ्या डॉक्टरकडे धावतात.

जाड व्रण दोन प्रकारचे. पहिला फुगतो, पण मूळ रेषेच्या हद्दीत राहतो आणि पुष्कळदा वर्षाभरात बसतो. दुसरा, केलॉइड, हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर चढतो, खाजतो, दुखतो आणि आपण होऊन बसत नाही. आपल्या सावळ्या कातडीत दोन्ही जास्त आढळतात. केलॉइड नुसता कापून काढला तर निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा. म्हणून "कापून टाकू" एवढंच सांगणाऱ्या डॉक्टरला विचारा, की कापल्यावर इंजेक्शनं किंवा रेडिएशन देणार का. कानाच्या पाळीला किंवा छातीवर आधी केलॉइड झाला असेल, तर हे पहिल्या भेटीतच सांगायचं.

उपचाराची सुरुवात साधी असते. जखम पूर्ण बंद झाली, कुठेही ओल नाही, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, सिलिकॉनची पट्टी. दिवसातले किमान १२ तास, निदान दोन-तीन महिने. कोकणात हीच गोष्ट अडते. घामाने पट्टी सुटते आणि खाली घामोळं उठतं. म्हणून पहिल्या दिवशी चारच तास लावा, रोज दोन-दोन तास वाढवा. पट्टी रोज सौम्य साबणाने धुवून हवेवर सुकवायची, व्रणही धुवून पूर्ण कोरडा करायचा. पुरळ आलं तर दोन दिवस बंद ठेवून सिलिकॉन जेलवर या. दिवसातून दोनदा अगदी पातळ थर, पाच मिनिटं वाळू द्यायचा, मगच बाही चढवायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि पावसाळ्यात पुष्कळांना जेलच झेपतं.

मसाज जखम बंद झाल्यावर चौथ्या आठवड्यापासून, दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. बोट व्रणावर घासायचं नाही. ते दाबून धरायचं आणि खालच्या थरावरून कातडी हलवायची, व्रण क्षणभर पांढुरका पडेल इतका दाब. त्यासाठी खोबरेल चालतं, मुठेल चालतं, कुठलंही साधं तेल चालतं. काम दाबाचं आहे, महागड्या मलमाचं नाही. हळद-चुना, लिंबू, औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडची मिश्र मलमं, यातलं काहीही व्रणावर जाता कामा नये. शेवटच्या प्रकाराने कातडी पातळ होते आणि काखेतलं गजकर्ण वरून दबून आत पसरतं.

तीन महिन्यांत हे करूनही व्रण फुगतच असेल तर ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं थेट व्रणात देतात, दर चार ते सहा आठवड्यांनी. दुखतात. डोस जास्त झाला तर आजूबाजूची कातडी खोलगट आणि पांढरी पडते, म्हणून अनुभवी हात हवा. व्रण काळा पडला असेल तर त्यावर ऊन लागू देऊ नका. अर्ध्या बाहीत निघायचं असेल तर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर.

रुंद झालेला, ताणलेला पण सपाट व्रण मात्र इंजेक्शनाने अरुंद होत नाही. तो कापून पुन्हा शिवावा लागतो, वर्षभरानंतर. शिवताना ओढ कातडीवर न ठेवता खालच्या मजबूत पडद्यावर घेतली तरच दुसरा व्रण पहिल्यापेक्षा बरा येतो.

आकार, ओढ आणि बधिरपणा

व्रणाच्या टोकाला, बहुधा कोपराकडे, राहिलेल्या शंकूसारख्या उंचवट्याला डॉक्टर डॉग इअर म्हणतात. सहा महिन्यांत पुष्कळ बसतो. नाही बसला तर जागा बधिर करून पाऊण तासात निघतो, पण व्रण दोन-तीन सेंटीमीटरने लांबतो हे आधी मान्य करा.

काखेतली ओढ वेगळी. हात डोक्यावर नेताना काखेत कडक दोरी उभी राहत असेल, तर व्रण काखेतून सरळ रेषेत गेला आहे आणि आक्रसला आहे. सहा महिने ताणाचे व्यायाम करा: भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, वर तीस सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. तरी हात कानाला लागत नसेल तर झेड-प्लास्टी करतात. व्रणावर ६० अंशांचे दोन त्रिकोण आखून त्यांची अदलाबदल केली, की त्या रेषेची लांबी हिशेबाने पाऊणपट वाढते. प्रत्यक्षात थोडी कमी मिळते, पण हात सुटतो. चांगल्या सर्जनच्या यादीतली ही सर्वात समाधान देणारी दुरुस्ती आहे.

कातडी उरली असेल तर किमान सहा महिने, शक्यतो वर्ष थांबायचं, आणि वजन सहा महिने दोन-तीन किलोंच्या आत स्थिर हवं. खूप ताणली गेलेली कातडी शस्त्रक्रियेनंतर पुन्हा थोडी सैल पडतेच. तिसऱ्या महिन्यात माप घेऊन कापलं, तर सहाव्या महिन्यात तीच तक्रार परत येते. दुरुस्तीत छेद जुन्याच व्रणातून घेतात. सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: सगळी कातडी आधी कापून मग शिवणार, की थोडी कापून, शिवून, मग पुढची? शस्त्रक्रिया चालू असतानाच दंड सुजतो. सगळं एकदम कापलं तर कधीकधी कडा जुळतच नाहीत, किंवा जबरदस्तीने जुळवतात आणि मग व्रण रुंदावतो.

चरबी उरली असेल तर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं. पण चरबी काढल्यावर वरची कातडी आणखी सैल होते, त्यामुळे आधी शोषण आणि काही महिन्यांनी कातडी, किंवा दोन्ही एकदम, हे आधी ठरलेलं असावं. खड्डा पडला असेल तर तुमचीच चरबी तिथे भरतात. त्यातली काही शोषली जाते, त्यामुळे निकाल तीन महिन्यांनी बघायचा. मशीनने बिनटाक्याची कातडी घट्ट करून देण्याच्या जाहिराती फिरतात. थोड्याशा सैलपणाला त्यांचा उपयोग होतो, लोंबत्या कातडीला नाही, आणि व्रणाखाली संवेदना कमी असल्याने भाजण्याचा धोका वाढतो.

कातडी जास्त कापली गेली, दंड आवळल्यासारखा वाटतो, कोपर सरळ होत नाही, तर पहिले तीन महिने मसाज आणि व्यायाम यापलीकडे काही करू नका. कातडी ताणते, आणि यातले बरेच हात आपसूक मोकळे होतात.

पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येतात, कारण तिथली संवेदना देणारी नस दंडाच्या खालच्या भागात कातडीजवळ येते आणि नेमकी छेदाच्या वाटेत असते. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. दंडाच्या मध्यापासून मनगटापर्यंत तीसेक सेंटीमीटर, म्हणजे वर्षाचा धीर हवा. तोवर फोडणीचं तेल, तवा, चूल यांपासून तो भाग जपा, कारण चटका बसल्याचं कळत नाही. व्रणावर एका ठरावीक जागी टिचकी मारली आणि पुढच्या हातात विजेचा झटका गेला, तर नसेची गाठ झाल्याची शक्यता असते. हे तीन-चार महिन्यांतच दाखवा. यावर आकार सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, नसांचं काम करणारा सर्जन लागतो.

दुसरी शस्त्रक्रिया ठरली तर

कोकणात याला नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. घाम कमी, लावणी-कापणी आटोपलेली, आणि आंब्याच्या कामापर्यंत सहा-आठ आठवडे हाताला मिळतात. गणपतीच्या सुट्टीत उरकून घेण्याचा मोह टाळा. भाद्रपदातल्या दमटपणात काखेतला टाका भिजत राहतो आणि जखम नेमकी तिथेच उसवते.

तयारीत सर्वात जास्त निसटते ती मशेरी. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला बाई खरंच "नाही" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असतात. मशेरी म्हणजे तंबाखूच. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा काळ्या पडतात. मशेरी, गुटखा, तंबाखू, विडी सगळं चार आठवडे आधी बंद आणि चार आठवडे नंतरही बंद. निकोटिनचं च्युइंगमही नको.

साखरेचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सातच्या आसपास आणा. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर आधी ते सुधारा. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर लोह, बी१२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन तपासून घ्या. साठ किलोंच्या माणसाला जखम भरण्याच्या काळात रोज ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर कुळथाच्या पिठीत तीस ग्रॅम पीठ पडतं, म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं. पिठी-भातावर राहून हे गणित जुळत नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या जवळपास मिळतात, एका अंड्यात सहा. मासे न खाणाऱ्यांनी दूध, पनीर, डाळी वाढवाव्यात, कमी पडलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर घ्यावी.

सर्जन कोण? एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधली नोंदणी, गोव्यात असतील तर तिथल्या कौन्सिलची. पहिल्याच सर्जनकडे जाण्यात कमीपणा नाही, आत काय केलं ते त्यांना माहीत असतं. पण दुसरं मत घ्यायलाही संकोच करू नका. कुठेही जा, पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद लागतातच: ऑपरेशन नोट, किती कातडी आणि किती चरबी काढली, टाके कोणते, ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) होता का, आधीचे फोटो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मागणी लेखी करा, पोच घ्या. रुग्णालयांना ते तीनच वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा दिरंगाई नको. निष्काळजीपणाची तक्रार ग्राहक आयोगात न्यायची असेल तर मुदत दोन वर्षांची असते, आणि व्रण पिकायची वाट बघण्यात त्यातलं बरंच निघून जातं.

खर्च लेखी घ्या: सर्जनची फी, थिएटर, भूल, प्रेशर गारमेंट (दंडाला दाब देणारी घट्ट बाही), जीएसटी वेगवेगळे. सर्जन स्वतःची फी सोडतात तेव्हाही थिएटर आणि भुलीचे पैसे द्यावे लागू शकतात. आरोग्य विमा सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला सहसा लागू होत नाही.

घरी आल्यावर

सहा आठवड्यांनी जखमेची ताकद मूळ कातडीच्या निम्मी असते, तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. आधी हात ताणला तर व्रण रुंदावतो, दुरुस्ती वाया जाते. म्हणून चार आठवडे दोन किलोंवर काही उचलायचं नाही: रहाटावरची कळशी नाही, पाण्याची बादली नाही, नारळ खवणं नाही, पाटा-वरवंटा नाही, कडेवर मूल नाही. तीन-चार आठवडे कोपर खांद्याच्या वर नको, म्हणजे दांडीवर कपडे वाळत घालणं आणि स्वतःचा अंबाडा बांधणंही दुसऱ्याकडे द्या. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर ते प्रमाण.

प्रेशर गारमेंट चार ते सहा आठवडे, दोन जोड घ्या. पावसाळी हवेत एक जोड सुकत नाही आणि ओलसर बाही काखेत बुरशी आणते. घडी पडून रुतत असेल किंवा बोटं सुजत असतील तर माप चुकलंय, ते बदलून घ्या. ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याला मुंढा दोन सेंटीमीटर सैल ठेवायला सांगा, काखेतली शिवण व्रणावर घासली की तिथे खाज आणि जाडी सुरू होते.

परतीच्या गाडीत खालचा बर्थ घ्या आणि बॅग दुसऱ्याच्या हातात द्या. वरच्या बर्थवर चढताना दोन्ही हातांवर अंगाचं वजन येतं आणि काखेतला टाका तिथेच तुटतो. दर तासाला उठून डब्यात चार पावलं चाला, पाणी पीत राहा. पहिल्या दोन आठवड्यांतल्या तपासण्या प्रत्यक्ष करा, नंतरच्या व्हिडिओवर चालतात, फक्त महिन्याचे ते तीन फोटो आधी पाठवा.